फळी, टिचकी आणि आवाज: हाताने घडवलेल्या गिटारीचे लाकूड कसे निवडले जाते

मागणी नोंदवून अकूस्टिक गिटार घडवून घ्यायची ठरवली की बहुतेक जण कारागिराला पहिला प्रश्न लाकडाच्या नावाबद्दल विचारतात: रोझवूड घ्यावे की महोगनी, वरची फळी स्प्रूसची असावी की सीडरची? प्रश्न रास्त आहे, पण एका जातीच्या सगळ्या फळ्या सारख्याच वाजतात हे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गिटारीसाठी निवडलेल्या स्प्रूसमध्येही, म्हणजे थंड प्रदेशातल्या त्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातही, एका फळीची घनता घनमीटरला ३७० किलो भरते तर दुसरीची ४७०, आणि ताठपणातला फरक याहूनही मोठा असू शकतो. मोठ्या कारखान्यात या फळ्या बहुधा एकाच ठरावीक जाडीला घासल्या जातात, कारण तिथे प्रत्येक फळीची चौकशी करत बसणे परवडत नाही. हाताने गिटार घडवणारा कारागीर मात्र फळीचे वजन करतो, ती वाकवून पाहतो, तिच्यावर टिचकी मारून कान देतो आणि मग तिची जाडी ठरवतो. मागणीनुसार घडवलेल्या गिटारीसाठी जे जास्तीचे पैसे मोजले जातात, त्यांतला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते या ठरवण्याचा असतो. दुर्मीळ लाकडाचा क्रमांक त्याच्या बराच खाली लागतो.

तार हलते, पण वाजते ती तबली

ताणलेली तार छेडली की थरथरते, पण ती इतकी बारीक असते की हवेला ढकलण्याऐवजी हवेतून नुसती कापत जाते. जाड दगडी भिंतीत दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये तार ताणली आणि छेडली, तर जेमतेम कुजबुज ऐकू येईल. गिटारीत हे थरथरणे घोडीवाटे, म्हणजे ज्याला गिटारवादक ब्रिज म्हणतात त्या भागातून, पोटाच्या वरच्या पातळ फळीत उतरते. सतार-तंबोरा घडवणारे या फळीला तबली म्हणतात. तो शब्द गिटारीलाही चपखल बसत असल्यामुळे पुढे तोच वापरला आहे. तबलीचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ती वर-खाली होताना पुरेशी हवा ढकलते आणि तो आपल्याला ऐकू येणारा आवाज असतो. तिच्या जोडीला पोटातली हवा वरच्या गोल छिद्रातून आत-बाहेर होत राहते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो घुमारा उठतो, त्याचाच हा प्रकार. मोठ्या पोटाच्या गिटारीत हा घुमारा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे सर्वांत जाड दोन तारांच्या मोकळ्या स्वरांच्या (८२ आणि ११० हर्ट्झ) दरम्यान. तबलीचा स्वतःचा पहिला ठळक अनुनाद, म्हणजे ज्या कंपनसंख्येला ती आपसूक जोराने थरथरते ती, बहुधा १७० ते २२० हर्ट्झच्या टप्प्यात येतो. खर्जाला किती भरीवपणा येणार, हे बरेचसे या दोन अनुनादांच्या जागेवर आणि त्यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते.

आता अडचण अशी की या तबलीकडून दोन विरुद्ध कामे हवी असतात. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारा मिळून साधारण ७० ते ८० किलो वजनाइतका ताण देतात आणि तो तबलीच्या पातळीवर नसून तिच्यापासून सुमारे १२ मिलिमीटर उंचीवर, घोडीच्या माथ्यावर बसतो. त्यामुळे घोडी पुढे झुकू पाहते, तिच्या मागची तबली फुगते आणि पुढची दबते. हा पीळ तबलीला रात्रंदिवस, वर्षानुवर्षे सोसायचा असतो. दुसरीकडे, वादकाच्या बोटाने तारेला जी ऊर्जा दिली तेवढीच काय ती पुंजी. वाद्यात तिच्यात भर घालणारे काहीही नाही. जड तबली ही पुंजी स्वतःला हलवण्यातच खर्चून टाकते. म्हणजे तबली हलकी हवी तितकीच ताठही हवी, आणि अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडाकडून हे दोन्ही करून घ्यायचे असते. गिटारीच्या रचनेतला जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका ओढाताणीतून निघतो.

स्प्रूस आणि सीडर

वजनाच्या मानाने ताठ अशा लाकडांत स्प्रूसचा हात धरणारी जात क्वचितच सापडते. मेपलशी तुलना केली तर हे लगेच उमगते. रेषांच्या दिशेने दोघांचा ताठपणा फारसा वेगळा नसतो, पण स्प्रूस घनमीटरला ४२० किलोच्या आसपास तर कठीण मेपल ७०० च्या आसपास भरते. म्हणजे तेवढाच ताठपणा देणारी मेपलची तबली दीडपटीहून अधिक जड होणार. सुरुवातीची विमानेही याच गुणामुळे स्प्रूसची बनत, आणि दोन्ही महायुद्धांत सिटका स्प्रूसला विमानांसाठी मोठी मागणी होती. विमानाच्या पंखाला आणि गिटारीच्या तबलीला एकाच झाडाने पुरवठा करावा यात योगायोग नाही, कारण दोघांची गरज एकच आहे.

स्प्रूसच्या पोटात पुन्हा प्रकार आहेत. अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या प्रशांत किनाऱ्यावर वाढणारे सिटका आज सर्वाधिक वापरले जाते. ते मजबूत आणि त्यातल्या त्यात सहज मिळणारे आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडचे रेड स्प्रूस, ज्याला वादक ॲडिरॉन्डॅक म्हणून ओळखतात, जोरकस वाजवण्याला चांगले तोंड देते अशी त्याची ख्याती आहे; मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारींमुळे त्याला वलय मिळाले. रॉकी पर्वतातले एंगेलमन सहसा हलके असते, आणि आल्प्समधले युरोपीय स्प्रूस शास्त्रीय गिटारी व व्हायोलिन यांच्यासाठी शतकानुशतके वापरात आहे. सीडर म्हणून जे लाकूड ओळखले जाते, ते खरे तर वेस्टर्न रेड सीडर. स्पेनमधले गिटार-कारागीर होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६०च्या दशकात शास्त्रीय गिटारीसाठी ते रुळवले. ते स्प्रूसपेक्षा हलके आणि मऊ असते, नखाचा ओरखडाही त्यावर उमटतो. हलक्या हाताला मात्र ते चटकन दाद देते आणि नव्या गिटारीतही आवाज मोकळा वाटतो. जोराने झंकारणाऱ्या वादकाला तेच सीडर लवकर थकल्यासारखे भासू शकते. हे सगळे कल आहेत, नियम नाहीत. हलके, लवचीक सिटका आणि ताठ एंगेलमन समोरासमोर ठेवले, तर नावावरून बांधलेले अंदाज उलटेपालटे होतात.

ओंडका कसा चिरला, हे आधी पाहावे

लाकूड सर्व दिशांनी सारखे नसते. झाडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात, म्हणून स्प्रूस त्या दिशेने जितके ताठ असते त्याच्या साधारण दहाव्या ते पंधराव्या हिश्शाइतकेच ते आडवे ताठ असते. हा आधीच तोकडा असलेला आडवा ताठपणा राखायचा असेल, तर वाढवलये फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असायला हवीत. वलये ४५ अंशांच्या आसपास कलली की आडवा ताठपणा काही पटींनी घसरतो. यासाठी ओंडका पावाच्या लादीसारखा सरळ कापत न जाता, गोल भाकरीचे मध्यापासून कडेकडे तुकडे करावेत तसा पाचरीच्या आकारात चिरला जातो. यात लाकूड अधिक वाया जाते, पण तबलीसाठी दुसरी वाट नाही. फळी अशी नेमकी निघाली आहे की नाही, हे ओळखायला तिचा काठ पाहावा. शिवाय नेमक्या चिरलेल्या स्प्रूसवर रेषांना आडवी जाणारी रेशमी झळाळी दिसते. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या मज्जाकिरणांची ती चमक असते.

दुसरा दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. झाड वाढताना पिळत गेले असेल किंवा करवत तंतूंना समांतर न चालता तिरकी गेली असेल, तर फळीतले तंतू एका पृष्ठभागातून आत शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतात. अशी फळी वरून सरळ रेषांची आणि देखणी दिसते, पण तिच्यात लांबच लांब अखंड तंतू उरत नाहीत, त्यामुळे ती ताठपणात कमी पडते आणि घोडीपाशी फाटण्याची भीती वाढते. म्हणूनच जाणकार मंडळी ओंडका आधी करवतीने न कापता पाचर ठोकून फाडतात. लाकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेच फाटते आणि खरी दिशा उघडी पडते. तयार गिटारीतही हा दोष ओळखता येतो. एकच फळी मधून चिरून पुस्तकाच्या पानांसारखी उघडायची आणि दोन भाग मध्यावर जोडायचे, अशी तबलीची रीत असते. तंतू तिरके असतील तर एका बाजूने पाहताना डावा अर्धा उजळ आणि उजवा गडद दिसतो, आणि गिटार फिरवली की उलट.

रेषा जितक्या बारीक आणि दाट तितकी तबली चांगली, ही समजूत मात्र फार घट्ट बसली आहे आणि तिला फारसा आधार नाही. दाट रेषा झाडाची वाढ संथ झाली एवढे सांगतात. रुंद रेषांच्या रेड स्प्रूसच्या फळ्या उत्तम ताठ निघालेल्या असतात, तर दाट रेषांचे एखादे सुंदर सिटका वजनाला जड आणि वाकवायला ढिले निघते. दाट रेषांचा एक हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: तबलीच्या अर्ध्या भागाला सुमारे २० सेंटिमीटर रुंदीची निर्दोष फळी लागते, आणि वलये सरासरी एक मिलिमीटरची असतील, तर तेवढ्या लाकडात झाडाची दोनशे वर्षे असतात. गाभा आणि साल सोडून एवढी रुंदी देणारे झाड घेरदार आणि वयस्कच असणार.

वजन, वाक आणि टिचकी

फळी निवडली की खरे काम सुरू होते. कारागीर तिची लांबी-रुंदी-जाडी मोजतो, वजन करतो आणि घनता काढतो. मग दोन टेकूंवर ती आडवी ठेवून मध्यभागी ठरावीक वजन ठेवतो आणि ती किती वाकली हे डायल गेजवर, म्हणजे बारीकशी हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर, वाचतो. हीच चाचणी रेषांच्या आडव्या दिशेनेही करतो. काही जण हे सगळे वहीत नोंदवतात, काही जण नुसते दोन्ही हातांत धरून फळी वाकवतात आणि अंगठ्यांना जे कळते त्यावर विसंबतात. पहिल्या पद्धतीची बाजू मी घेईन, कारण हाताला झालेला अंदाज दोन वर्षांनी आठवत नाही, आकडा मात्र वहीत राहतो. तरीही हाताने शेकडो तबल्या केलेल्या माणसाचा अंगठा कमी लेखू नये.

टिचकी मारून ऐकण्याला पुष्कळ गूढपणा चिकटला आहे, पण तिच्यामागचे कारण सरळ आहे. फळी टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर दोन बोटांत सैल धरायची, कारण पहिल्या मूळ कंपनात ती जागा जवळजवळ स्थिर असते, आणि मध्यावर टिचकी मारायची. बोटे नेमक्या जागी असली तर फळी मोकळेपणी गुणगुणते. दुसरीकडे धरली तर बोटेच आवाज दाबून टाकतात. त्या गुणगुण्यात दोन गोष्टी ऐकायच्या असतात. स्वर किती उंच आहे यावरून वजनाच्या मानाने ताठपणा किती हे कळते, आणि स्वर किती वेळ टिकतो यावरून लाकूड स्वतःत किती ऊर्जा जिरवते हे कळते. घंटेसारखी रेंगाळणारी फळी आणि ठोकळ्यासारखी थप्प करून थांबणारी फळी, यांतला फरक पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही समजतो.

यानंतर जाडी. इथे एक साधे गणित सगळ्या कारागिरीवर राज्य करते: फळीचे वजन जाडीच्या प्रमाणात बदलते, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची तबली २.७ वर आणली तर वजन दहा टक्क्यांनी घटते, ताठपणा मात्र सत्तावीस टक्क्यांनी. कागदाच्या जाडीइतके लाकूड रंध्याने जास्त काढले गेले, तरी त्याचा परिणाम दिसतो. म्हणून ताठ फळी पातळ करून वजन वाचवता येते आणि ढिली फळी थोडी जाड ठेवून सावरता येते. एकाच मापाला घासलेल्या दोन वेगवेगळ्या फळ्यांतून एक गिटार दबल्या आवाजाची आणि दुसरी नाजूक प्रकृतीची निघते, तेव्हा बहुधा हेच झालेले असते. आपण लाकडाच्या जातीला दोष किंवा श्रेय देतो. प्रत्यक्षात तो फळीला न जुळलेल्या जाडीचा मामला असतो.

तेच गणित तबलीच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या आधारपट्ट्यांनाही, म्हणजे ब्रेसनाही, लागू पडते. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून पट्ट्या अरुंद आणि उंच ठेवतात आणि टोकांकडे पटाशीने उतरत्या करतात, जेणेकरून मध्यभाग ताण पेलेल आणि कडा मोकळेपणी हलतील. पट्ट्यांच्या मांडणीच्या दोन प्रमुख परंपरा आहेत. स्पेनचे गिटार-कारागीर आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) यांनी पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या सात पट्ट्यांची रचना प्रस्थापित केली आणि शास्त्रीय गिटार आजही तिच्याच वंशातली आहे. जर्मनीतून १८३३ मध्ये अमेरिकेत आलेल्या सी. एफ. मार्टिन यांच्या कारखान्यात १८४०च्या दशकात एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या पट्ट्या वापरात आल्या. गंमत अशी की त्या काळी तारा आतड्याच्या असत; पोलादी तारांचा ताण फुलीवर पडायला विसावे शतक उजाडावे लागले, आणि तेव्हा ही जुनी रचना त्यासाठीच केली असावी इतकी उपयोगी पडली.

मागची आणि बाजूची लाकडे: कीर्ती जास्त, वाटा कमी

तबलीनंतर येते पाठ आणि बाजू, आणि इथे लाकडाच्या नावांना सर्वाधिक किंमत मोजली जाते. तोरेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार केली, जिची तबली स्प्रूसची पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. तबलीच आवाज घडवते, हे त्यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. टेलर कंपनीच्या बॉब टेलर यांनी १९९५ मध्ये सामान वाहण्याच्या टाकाऊ लाकडी पॅलेटमधून गिटार घडवून दुर्मीळ लाकडापेक्षा कारागिरी महत्त्वाची, हे दाखवले. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक काटेकोर होता. एकाच कारागिराकडून एकाच रचनेच्या सहा गिटारी करवून घेतल्या, ज्यांत फरक फक्त पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाचा होता. त्यांत महागडे ब्राझिलियन रोझवूडही होते आणि स्वस्त लाकडेही. मग गिटार डोळ्यांना ओळखू येणार नाही अशी व्यवस्था करून ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या. वादकांनी दिलेल्या गुणांत उल्लेखनीय फरक पडला नाही.

यावरून पाठीचे लाकूड निरर्थक ठरवणे घाईचे होईल. पाठ हलकी आणि लवचीक ठेवली तर तीही तबलीबरोबर कंप पावते. जड आणि ताठ ठेवली तर ती ऊर्जा तबलीकडेच राहू देते. लाकूड किती ऊर्जा जिरवते यातही फरक असतो: रोझवूड घनमीटरला ८०० किलोच्या वर भरते आणि टिचकीला घंटेसारखे वाजते, महोगनी ६०० च्या आसपास आणि थोडी कोरडी, मेपल आणखी लवकर शांत होणारे. रोझवूडच्या गिटारीत स्वरांभोवती एक रेंगाळणारी किनार असते आणि महोगनीच्या गिटारीत स्वर सुटे, थेट येतात, असे वादक म्हणतात ते यामुळेच. मात्र हा फरक मिठाइतका. भात कसा शिजला, हे तबली ठरवते. अंदाजपत्रकाला मर्यादा असेल, तर दुर्मीळ पाठीऐवजी अनुभवी कारागिराचे तबलीवरचे जास्तीचे तास विकत घ्यावेत, असे मला वाटते.

दुर्मीळ लाकडांची गोष्ट कायद्याशीही जोडलेली आहे. ब्राझिलियन रोझवूड, म्हणजे डाल्बर्जिया निग्रा, एके काळी उत्तम गिटारींचे नेहमीचे लाकूड होते. पुरवठा आटू लागल्यावर मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय रोझवूड, म्हणजे आपला शिसव, वापरायला सुरुवात केली. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात १९९२ मध्ये ब्राझिलियन रोझवूड पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात गेले. २०१७ च्या जानेवारीपासून डाल्बर्जिया वंशातल्या बाकीच्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या आणि गिटार सीमेपलीकडे पाठवताना कागदपत्रांचा मोठा गोंधळ उडाला. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियन रोझवूडला नाही. त्या लाकडाची गिटार घेणाऱ्याने लाकूड कायदेशीर असल्याची कागदपत्रे मागून घ्यावीत, नाहीतर पुढे ती विकताना किंवा परदेशी नेताना अडचण ठरलेली.

मानेला आणि पट्टीला फार शब्द लागत नाहीत. मान बहुधा महोगनीची असते, कारण ते लाकूड हवामानाबरोबर फारसे पिळत नाही आणि घडवायला सोपे असते. बोटांखालची पट्टी एबनीची किंवा रोझवूडची, कारण तारांच्या घासण्याला टिकेल असे कठीण लाकूड हवे. एबनी कोळशासारखे काळेच हवे हा आग्रह सोडण्यासारखा आहे. करडे-तपकिरी पट्टे असलेले एबनी तितकेच कठीण असते, आणि केवळ रंगासाठी ते नाकारले तर झाडे विनाकारण तोडली जातात.

हवेतला दमटपणा

लाकूड कापल्यावरही हवेतली आर्द्रता घेत-सोडत राहते. तंतूंच्या लांबीने ते जवळजवळ बदलत नाही, पण आडवे आकुंचन पावते आणि फुगते. ४० सेंटिमीटर रुंदीची तबली ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत तयार केली आणि ती २० टक्क्यांच्या कोरड्या खोलीत बराच काळ राहिली, तर ती अडीच-तीन मिलिमीटर आकसू पाहते. तिला आतून आडव्या चिकटलेल्या पट्ट्या मात्र स्वतःच्या लांबीने आकसत नाहीत. परिणामी तबली ताणली जाते आणि शेवटी रेषेच्या बाजूने तडकते. म्हणून गंभीर कारागीर आपली कार्यशाळा वर्षभर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेवर राखतात आणि विशेषतः पट्ट्या चिकटवण्याचे काम या मर्यादेबाहेर करतच नाहीत. शिवाय तबली आणि पाठ पूर्ण सपाट न ठेवता त्यांना अगदी किंचित घुमट दिला जातो, म्हणजे कोरड्या हवेत आकसताना फाटण्याआधी घुमट थोडा उतरायला जागा राहते. नव्याने कापलेले लाकूड वर्षानुवर्षे मुरवत ठेवण्यामागेही हेच कारण आहे. हल्ली काही जण तबलीचे लाकूड प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत उच्च तापमानाला भाजून घेतात. त्यामुळे ओलावा शोषणारे घटक कमी होतात, लाकूड थोडे हलके आणि स्थिर होते, पण ठिसूळही होते आणि त्याला चिकटवणे अधिक जपून करावे लागते.

जोडकामापासून पहिल्या तारेपर्यंत

बाजूच्या फळ्या दोन मिलिमीटरच्या आसपास पातळ करून, ओल्या करून तापलेल्या नळीवर किंवा साच्यात वाकवतात. उष्णता आणि वाफेने तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन मऊ होते, थंड झाल्यावर ते पुन्हा घट्ट होते आणि वळण टिकते. घाई केली की कंबरेच्या वळणावर फळी मोडते, आणि नक्षीदार रेषांची फळी तर हमखास. जोडण्यासाठी पूर्वापार चालत आलेला सरस अजूनही अनेकांना प्रिय आहे. तो साधारण ६० अंशांना गरम ठेवावा लागतो आणि लावल्यावर जेमतेम मिनिटभरात सांधा बसवावा लागतो. पण सुकल्यावर तो काचेसारखा कडक होतो आणि पुढे कधी दुरुस्तीसाठी सांधा उघडायचा झाला तर उष्णता व ओलाव्याने सोडवता येतो. आधुनिक डिंक वापरणारे कारागीरही उत्तम गिटारी करतात.

फ्रेटच्या, म्हणजे बोटांखालच्या पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या कांबींच्या, जागा कानाने ठरत नाहीत, गणिताने ठरतात. मोकळ्या तारेची लांबी ६४५ मिलिमीटर असेल तर पहिली फ्रेट नटपासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यापासून, ६४५ भागिले १७.८१७, म्हणजे ३६.२ मिलिमीटरवर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत गेले की बारावी फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२२.५ वर पडते. तरीही तार फ्रेटवर दाबताना किंचित ताणली जाऊन चढी वाजते, म्हणून घोडीवरचे हाड, ज्यावर तारा टेकतात ते, थोडे मागे आणि तिरके बसवतात. जाड तारांना ही सवलत जास्त लागते.

वरचे पॉलिश हा तबलीवर चढवलेला निव्वळ भार आहे, म्हणून ते जितके पातळ तितके बरे. लाखेपासून केलेले फ्रेंच पॉलिश बोळ्याने शेकडो हात फिरवून चढवतात. ते अत्यंत पातळ राहते, पण घामाला आणि उष्णतेला नाजूक असते. नायट्रोसेल्युलोज लॅकर त्याहून टिकाऊ असते आणि तेही काळजीपूर्वक केले तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवता येते.

हे सगळे माहीत असले की मागणी नोंदवताना संभाषण बदलते. आपण बोटांनी वाजवतो की पिकने (तारा छेडण्याच्या छोट्या चकतीने), हात हलका आहे की भारी, कोणत्या जाडीच्या तारा लावतो, बसून वाजवतो की माइकसमोर उभे राहून, हे कारागिराला सांगावे; शक्य असल्यास त्याच्यासमोर दहा मिनिटे वाजवून दाखवावे. बोटांनी वाजवणाऱ्याला लहान पोट, ४४-४५ मिलिमीटर रुंदीची नट आणि हलकी तबली सोयीची ठरते. जोराने झंकारणाऱ्यासाठी त्याच तबलीची फळी थोडी ताठ निवडावी लागते, नाहीतर जोर वाढवला तरी आवाज वाढत नाही, नुसता पसरतो. आणि तबलीची जाडी तुम्ही कशी ठरवता, हे विचारावे. ‘मी सगळ्या तबल्या २.८ वर ठेवतो’ असे उत्तर आले आणि ‘फळी पाहून सांगतो’ असे आले, तर या दोन उत्तरांतला फरक लाकडाच्या कुठल्याही नावापेक्षा अधिक सांगून जातो.

तारा पहिल्यांदा चढवल्या की काम संपत नाही. ताण बसताच घोडीमागची तबली किंचित वर येते, मान थोडी पुढे ओढली जाते आणि पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही आपापल्या जागी स्थिरावतात. तेवढे दिवस जाणते कारागीर गिटार आपल्याकडेच तारा लावून टांगून ठेवतात. मग मानेतली लोखंडी सळई आवळून-सैल करून पट्टीला हलकासा बाक देतात आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची तपासतात, जी जाड तारेला अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेला त्याहून थोडी कमी ठेवली जाते. शेवटी घोडीवरचे हाड कानशीने वादकाच्या हाताला रुचेल इतके उतरवतात आणि पेटीत गिटारीशेजारी एक छोटे आर्द्रतामापक ठेवून ती त्याच्या स्वाधीन करतात.